आठ नंबरच्या चपला

आधारताल, जबलपूर
रविवार, ३ नोव्हेंबर १९८५

चि. वसुधास अनेक आशीर्वाद.

कुशल वगैरे मागाहून कळवतो, आधी फिर्याद ऐक. फिर्यादी विष्णू, वय एकोणपन्नास, शिक्षणाने संस्कृतचा एम.ए., पोटासाठी कारखान्याच्या स्टोअरमध्ये नटबोल्टांचा रखवालदार. सदर फिर्यादीने दिवाळीसाठी आठ नंबरच्या नव्या चपला आणल्या. दोन दिवस त्याच्या पायात राहिल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या घरभर चालून राहिल्या आहेत, फक्त त्यांच्यातले पाय फिर्यादीचे नाहीत. सकाळी त्या तुळशीपाशी असतात, दुपारी गच्चीवर वाळवणापाशी, संध्याकाळी शेजारच्या पुंडलिकच्या ओट्यावर. मी सणासुदीला जुने बूट घालून फिरतो आणि लोक (संस्कृतमुळे मला मास्तरच समजतात) विचारतात, मास्साब, यंदा बोनस नाही मिळाला का?

पादत्राणहरण हा गुन्हा आपल्या शास्त्रकारांनी कोणत्या वर्गात घातला आहे, ते अजून पाहिलं नाही. चोर घरचाच आहे. नाव सांगत नाही, कारण हल्ली त्याला रागावण्याची मला परवानगी नाही. तू शिकलेली आहेस, निवाडा कर.

हेमा दसऱ्याच्या आधीच माहेरपणाला आली. पहिलं बाळंतपण आपल्याकडेच व्हायचं, तेव्हा तुझी मामी कमरेला पदर खोचून तयार आहे. दर दोन तासांनी पोरीपुढे काहीतरी ठेवते. रत्नाकर इटारसीहून आठवड्याला पत्र पाठवतो, त्यात हवामानाशिवाय काही नसतं. जावई रेल्वेत असला की असंच.

तुझा अभ्यास नेमका कशाचा, हे मी कॉलनीत दहा जणांना दहा प्रकारांनी समजावलं. डॉक्टर झालेली पोरगी कलकत्त्याला पुन्हा शिकायला काहून गेली, हा सगळ्यांचा पूर्वपक्ष. मी सांगतो, आई आणि मूल यांचं सार्वजनिक आरोग्य. पुंडलिक म्हणाला, "भैया, आई आन् मूल ही तर घरातली गोष्ट. त्यात सार्वजनिक काय?" याचं उत्तर तू दे.

तुझा,
मामा


कलकत्ता
९ नोव्हेंबर

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

निवाडा असा: मामीला तिच्या मापाच्या चपला घेऊन द्या आणि स्वतःच्या कुलपात ठेवा. पंचवीस वर्षं संसार करून तिला तुमच्या चपला घालाव्या लागतात, म्हणजे गुन्हेगार कोण हे उघडच आहे. फिर्याद खारीज.

माझी मराठी तुम्ही लाल शाईने तपासणार हे माहीत आहे, तरी लिहिते. इथे वर्गात आम्ही बावीस जण आहोत, मराठी बोलणारी मी एकटी. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, तीन दिवस गावं. गावात काय करतो विचाराल तर मुलांचे दंड फितीने मोजतो, आणि गरोदर बायांच्या मागे मागे फिरतो. त्यांच्या सासवांना वाटते आम्ही जनगणनावाले आहोत.

पुंडलिककाकांना सांगा, मला पण आधी हेच वाटत होतं. आमच्या मॅडमनी पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारला. बाळंतीण दगावली की कागदावर रोगाचं नाव लिहितात. पण ती सकाळी आजारी पडली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोचली, मधल्या वेळात काय झालं? गाडी नव्हती, नवरा शेतावर होता, सासू म्हणाली थांब, दाई म्हणाली होते असं. हे सगळं कोणत्या रकान्यात लिहायचं? तो रकाना म्हणजे आमचा अभ्यास.

आता कामाचं. प्रत्येकाने आपल्या घरातला किंवा गावातला असा एक मृत्यू लिहून आणायचा आहे. रोगाचं नाव लिहायचं नाही, वेळ लिहायची. काय दिसलं, कोणाला दिसलं, केव्हा दिसलं. कोणी काय ठरवलं. गाडी केव्हा आली, केव्हा निघाली. मी आईचं लिहिणार आहे. मला आजीने सांगितलं तेवढंच माहीत आहे, की आजोळी पाटणला ताप आला, आठ दिवस उतरला नाही, मी झाले आणि ती गेली. आजी आता नाही. तेव्हा घरात असलेले तुम्हीच उरले. ताप कोणत्या दिवशी आला? दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं का? कोणी ठरवलं? मामा, मला वाईट वाटणार नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, आणि मी आता हे रोज ऐकते.

हेमाचं ब्लडप्रेशर दर पंधरा दिवसांनी मोजून घ्या, आणि लघवी तपासून घ्या. हे विनोदात नाही.

तुमची,
वसुधा


आधारताल
सोमवार, १८ नोव्हेंबर

चि. वसुधास आशीर्वाद.

तुझा निवाडा एकतर्फी आहे आणि मुळात आरोपीच चुकला आहे. चोर तुझी मामी नव्हे, हेमा. तिला तिच्या कुठल्याच चपला होत नाहीत. मामी म्हणते थंडीने पाय फुगतात, त्यात भर दिवसभर स्वयंपाकघरात उभी राहते, ऐकत नाही. मी माझ्या चपलांवर पाणी सोडलं.

काल तिचं डोहाळजेवण झालं. दिवाळीच्या धांदलीत सातव्यात राहून गेलं, म्हणून आठवा लागता लागता केलं. बायकांनी ठरवलं की नावेत बसवायचं. भेडाघाटला नर्मदेत नावेतून फिरायला मिळत नाही तर भेडाघाट घरात आणू. नाव बांधायचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यातून पॅकिंगचे पुठ्ठे आणले, दोन दिवस खपलो, खुर्चीभोवती नाव उभी केली. तिच्या एका बाजूला 'ही बाजू वर, सांभाळून हाताळा' असं इंग्रजीत छापलेलं तसंच राहिलं. सगळ्यांनी ते मुद्दाम ठेवलं आहे असं समजून माझं कौतुक केलं.

बांगड्या भरायला भानुमती आली होती. तुला आठवते ना, महाराजपुरची, टोपली घेऊन यायची, तुला फुकट एक लाल बांगडी देऊन जायची. हेमाचा हात धरून म्हणाली, "दीदी, दो-चार वाली थी ना? आज तो दो-आठ भी नहीं चढ़ रही." शेवटी साबण लावून दोन-दहाच्या मापाच्या चढवल्या. मामीचा चेहरा काय फुलला. सगळ्या बायांना हात दाखवून राहिली, माहेरचं कसं अंगी लागलं बघा. लग्नातली अंगठी मात्र परवाच सोनाराकडून कापून घ्यावी लागली.

मग त्या दोन झाकलेल्या वाट्या. एकीत पेढा, एकीत बर्फी, जी उचलेल त्यावर मुलगा की मुलगी. हेमा हात पुढे करून थांबली. म्हणते, "आई, चार ठेवल्या का? मला चार दिसून राहिल्या." अख्खी खोली हसली. जोशीणकाकू म्हणाल्या, जुळी आहेत, जुळी. तेव्हापासून कॉलनीत जुळ्यांची नावं ठरून राहिली आहेत. हेमाही हसली, पण लवकर उठून आत जाऊन झोपली. चार-पाच दिवसांपासून डोकं दुखते म्हणते. चष्मा लागला असेल, एवढ्या कादंबऱ्या वाचते.

प्रेशरचं म्हणशील तर दसऱ्याला मोजलं होतं, ठीक होतं. मग दवाखान्याच्या बाई दिवाळीला गावी गेल्या. आणि आता आठव्यात रिक्षाचे हादरे नकोत असं मामीचं मत आहे. नेऊ पुढच्या आठवड्यात.

तुझ्या आईबद्दल, विनताताईबद्दल विचारलंस. ताप होता. कोणत्या वारी आला ते आठवत नाही. मी नागपूरहून सुट्टीत आलो होतो, एकवीस वर्षांचा, कोनाड्यात बसून पोथ्या पाठ करणारा. गाड्या पाटणला तेव्हा कुठल्या? तुझ्या मॅडमना सांग, मामाच्या डोक्यात धातुरूपांनी एवढी जागा अडवली की बाकी काही राहिलं नाही. तू दुसरं एखादं घर शोध. गावं पालथी घालून राहिलीस, तिथे मिळेलच.

तुझा,
मामा


कलकत्ता
बुधवार, २७ नोव्हेंबर

मामा,

मी दहा दिवस गावात होते. तुमचं पत्र आत्ता होस्टेलच्या टेबलावर मिळालं. आधी तारघरात जाऊन आले, मग हे लिहिते. तार उद्या सकाळी मिळेल. पत्र मिळेपर्यंत हेमा हॉस्पिटलमध्ये असेल असं मी धरून चालते.

मी तुम्हाला घाबरवत नाही, मी स्वतः घाबरले आहे. पाय फुगणं एक वेळ ठीक. पण हात फुगून अंगठी कापावी लागली, डोकं पाच दिवस दुखते, आणि दोनाच्या चार वाट्या दिसल्या. ती जुळी नाहीत, मामा. ते तिचं ब्लडप्रेशर आहे. डोळ्यापुढे असं दिसू लागलं की पुढे फिट्स येतात. आल्या की आई आणि बाळ दोघांचा जीव जातो, आणि कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही. वेळेवर नेलं तर इंजेक्शन आहे, बाळ आधी काढून घेता येते. वेळेवर, एवढंच.

इथे मी दोनशे बायांच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला आहे. दाबायचं, दहा मोजायचे, अंगठा उचलायचा. खड्डा तसाच राहिला तर वहीत खूण. तुम्ही सगळ्यांनी हेमाच्या बांगड्या बघितल्या, तिचा पाय कोणी दाबला नाही. मामीला हे वाचून दाखवू नका. तिची चूक नाही. मी पण पहिल्या पत्रात हसलेच ना तुमच्या चपलांवर.

आणखी एक. तुमचं पत्र मी परत परत वाचलं. मी तुम्हाला आईबद्दल तीन प्रश्न विचारले होते, तुम्ही तिन्ही हसण्यावर नेले. तुम्हाला पाटणच्या घराचा कोनाडा आठवतो, पोथ्या आठवतात, ताप कोणत्या वारी आला ते आठवत नाही. लहानपणापासून मी आईचे केस ऐकले, आवाज ऐकला, ती गाणं कसं म्हणायची ते ऐकलं. शेवटच्या आठवड्यात तिचे पाय कसे होते, हे मला कोणी सांगितलं नाही. आई तापाने गेली का, मामा?

परीक्षा सहा तारखेला संपते. पण तुम्ही तार केली तर सोडून येते.

वसुधा


आधारताल
गुरुवार, २८ नोव्हेंबर

चि. वसुधास आशीर्वाद.

कार्डावर लिहितो, घाईत आहे. तार साडेअकराला मिळाली. "हेमाला आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या. थांबू नका." तारवाल्याला वाटलं कोणी गेलं, तो दारातच पागोटं काढून उभा होता. पोरी, तार पाठवताना म्हाताऱ्यांच्या काळजाचा विचार करत जा.

नेतो. उद्या शुक्रवारी सकाळी पहिलं काम. आज गुरुवार, आणि मोठं हॉस्पिटल पडलं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सरळ दक्षिणेला. गुरुवारी दक्षिणेला दिशाशूल. मामी म्हणते, आठव्या महिन्यातली पोर, आजच्या दिवशी त्या दिशेला नको. कॉलनीतला प्रत्येक माणूस प्रवासाला निघताना वार आणि दिशा मलाच विचारतो, आता मीच मोडलं तर कोणत्या तोंडाने सांगू? हेमा ओट्यावर बसून मटार सोलून राहिली आहे. चांगली आहे. उद्या सकाळ म्हणजे काही फार लांब नाही.

मामा


हॉस्पिटल, जबलपूर
शनिवार, ३० नोव्हेंबर

वसुधा,

परवाचं कार्ड तुला या पत्राच्या आधी मिळेल. त्यातलं खरं धरू नकोस. उद्या सकाळी नेतो असं त्यात लिहिलं होतं. आम्ही गुरुवारीच निघालो.

क्रमाने लिहितो, तुझ्या मॅडमना आवडते तसं.

बारा वाजता मी कार्ड पेटीत टाकलं. पेटी पुंडलिकच्या घरापुढे आहे, तुला माहीत आहे. परत आलो तर हेमा ओट्यावर मटार सोलत होती. दाणे ताटाच्या बाहेर पडून राहिले होते. एक-दोन नाही, सगळेच. ओट्यावर ढीग होता आणि ताट रिकामं. मी म्हटलं, "हेमे, ताट इकडे आहे." ती म्हणाली, "बाबा, ते हलून राहिलं ना." आणि हसली. तिने माझ्या चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या. तिच्या पायावर पट्ट्याची खूण उमटली होती, बोट मावेल एवढी खोल. मी बघत उभा राहिलो. खूण भरून येईना. अंगठा दाबायचं तू लिहिलंस ते पत्र तेव्हा वाटेतच होतं. मला ते पत्र नको होतं, वसुधा. तसा पाय मी आधी पाहिला होता.

मी आत जाऊन मामीला म्हटलं, "दही आण."

ती म्हणाली, "आता? जेवायला वेळ आहे."

"गुरुवारी दही खाऊन निघालं तर दक्षिणेचा दोष लागत नाही. पंचांगात आहे. आण."

"मग सकाळपासून काहून नाही सांगितलं तुम्ही?" असं ती म्हणाली आणि वाटी घेऊन धावली. तिला विरोध करायचाच नव्हता. तिला फक्त कोणीतरी जा म्हणायला हवं होतं, आणि त्या घरात ते म्हणू शकणारा मी एकटा होतो.

सव्वाबाराला पुंडलिकचा दुधाचा टेम्पो दारात आला. हेमाला मागे गादीवर निजवलं. शहराच्या गर्दीत पाऊण तास गेला. दीड वाजता प्रेशर मोजलं. वरचा आकडा एकशे ऐंशी, खालचा एकशे वीस. नर्सने आकडा डॉक्टरीणबाईंना मोठ्याने सांगितला नाही, वहीत लिहून वही पुढे केली. त्यावरून मला कळलं. दोन वाजून दहा मिनिटांनी हेमाला फिट आली. पलंगावर, त्यांच्यासमोर. मला बाहेर काढलं, पण दार लोटायच्या आधी मी पाहिलं. तिच्या दोन-दहाच्या बांगड्या पलंगाच्या लोखंडावर आपटत होत्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मामी दाराला टेकून एकच वाक्य म्हणत होती, "मी पोरीच्या बांगड्या सगळ्यांना दाखवल्या."

इंजेक्शन दिलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मला म्हणाल्या, "एक घंटा और रुकते, तो…" आणि परत आत गेल्या.

काल शुक्रवारी दुपारी ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी आहे. एकच. सोळाशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली आहे, मुठी वळून निजली आहे. रत्नाकर आला आहे, तो पेटीपुढून हलत नाही, आणि हवामानाबद्दल काही बोलत नाही. मी तुला तार केली, त्यात मुद्दामच परीक्षा देऊन ये असं म्हटलं. आज सकाळी हेमाने डोळे उघडले. नर्सने एक बोट दाखवून किती विचारलं, तर म्हणाली, एक. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुमच्या चपला ओट्यावरच राहिल्या." पण बाई सांगतात की फिट बाळंतपणानंतरही येऊ शकते. अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या, मग बोलू. त्यातले चोवीस होत आले आहेत.

तुझं पत्र आज दुपारी पुंडलिकने घरून आणून दिलं. तू विचारलंस, आई तापाने गेली का.

नाही. विनताताईला ताप नव्हता.

तुझ्या कागदावर हे असं लिही. सोमवार, २ डिसेंबर १९५७. पाटणचं घर, माझे वडील तिथल्या शाळेत शिक्षक. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. त्या दिवशी तिने माझ्या वहाणा घातल्या, कारण तिच्या होत नव्हत्या. मी तिला म्हटलं, "ताई, तुझे पाय मोठे झाले की माझ्या वहाणा लहान?" ती हसली. बुधवार, ४ डिसेंबर. डोकं दुखते म्हणाली, आईने कपाळाला सुंठ लावली. गुरुवार, ५ डिसेंबर, सकाळी नऊ वाजता. ताई अंगणात उभी राहून मला म्हणाली, "विष्णू, उजेड काहून नाचून राहिला?" वडील घाबरले. बाजारात जाऊन धान्याच्या आडत्याशी बोलले. त्याचा धानाचा ट्रक जबलपूरला निघायचा होता. साडेदहाला ट्रक दारात आला. ड्रायव्हरने पुढची सीट मोकळी केली, आईने तिथे घोंगडी घातली. हे सगळं झालं होतं, वसुधा. गाड्या तेव्हा कुठल्या, असं मी तुला लिहिलं. गाडी दारात होती.

वडील निघायच्या आधी मला म्हणाले, "विष्णू, जरा बघ रे." मला, कारण मी नागपूरला शिकत होतो आणि सुट्टीभर घरात पंचांग मीच उघडत होतो. मी उघडायचीही तसदी घेतली नाही, मला पाठ होतं. म्हटलं, आज गुरुवार, जबलपूर इथून आग्नेयेला, आज दक्षिणेसारखं तिकडेही जाऊ नये, उद्या पहाटे शुक्रवार लागल्यावर निघा. कोणीही वाद घातला नाही. वडिलांनी ड्रायव्हरला हात केला. अकरा वाजता ट्रक गेला. ताई दारात उभी होती, तिने मला विचारलं, "उद्या नक्की ना?" मी म्हटलं, नक्की.

शुक्रवार, ६ डिसेंबर, पहाटे चारला पहिली फिट आली. लोक म्हणाले बाधा आहे. सहाला तू झालीस. सातला ती गेली. तुझे बाबा छिंदवाड्याहून दुपारी पोचले, त्यांना आईने सांगितलं ताप होता. आईने ते माझ्यासाठी सांगितलं. पुढे तीच गोष्ट राहिली, आणि मी ती तुला वाढवताना तशीच राहू दिली. तुझ्या प्रत्येक वाढदिवसाला मी काही ना काही विनोद करतो, तुझ्या लक्षात आलं असेल.

दह्याचा उतारा मला तेव्हाही पाठ होता. त्याच पानावर असतो, खाली बारीक टायपात. दोन ओळी. मी तो सांगितला नाही. कोणी विचारला नाही, आणि मला वाटायचं नियम सांगणारा विद्वान, उतारे सांगणारा गावचा जोशी. घरात विरजण लावलेलं होतं. एक वाटी दही आणि ट्रक, दोन्ही होतं.

चपलांची फिर्याद मी तुला का लिहिली असेन? हेमाच्या पायात माझ्या चपला पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मी अंगणातून घरात निघून गेलो होतो. मग आठवडाभर मी हसून राहिलो, आणि मग तुला लिहिलं. चोराचं नाव लिहिलं नाही. तू ओळखावं, विचारावं, आणि मला सांगावं न लागता तुला कळावं, असं काहीतरी मनात असावं. तू विचारलंस तर मी धातुरूपांच्या मागे लपलो. असा मामा आहे तुझा.

हे सगळं वाचून सहा तारखेनंतर यायचं की नाही, ते तू ठरव. आली नाहीस तर मी समजेन. आलीस तर इथे मामीजवळ पायांचा, पंचांगाचा विषय काढू नकोस, ती आधीच जेवत नाही.

आता पाच वाजले आहेत. उद्या दुपारी अठ्ठेचाळीस तास होतील. हेमाचं काही वाईट होईल अशी मला भीती आहे, ती कोणत्याही बापाला असेल, आणि ती मी मामीशी बोलू शकतो. दुसरी जी आहे ती कोणाशी बोलता येत नाही, म्हणून तुला लिहितो. अठ्ठावीस वर्षं मी स्वतःला म्हणत आलो की ट्रक गेला नसता तरी काय फरक पडला असता, वाटेत गेली असती, देवाचं बोलावणं होतं. हेमा उद्या दुपारनंतर जगली, तर मला कळेल की विनताताईसुद्धा जगली असती. मला त्याची फार भीती वाटते, वसुधा. तरी ती जगावी, एवढंच मी सकाळपासून या बाकावर बसून मागून राहिलो.

विष्णूमामा